आतल्या बाजूची कडी

सोमवार, दुपार

प्रिय शिडी,

आपण दोघी चादरींच्या घड्या घालायचो, ते आठवतं का तुला? शाळेच्या डॉर्मिटरीत शनिवारी धुतलेल्या चादरींचा ढीग यायचा आणि सिस्टर उंची बघून जोड्या लावायच्या. आपली जोडी मात्र कायम विजोड. तू ताडमाड, मी बुटकी आणि गोलमटोल. तू हात वर केलेस की माझ्याकडची दोन्ही टोकं हवेत जायची आणि मी चवड्यांवर नाचायचे. "शिडी आणि उशी," असं कुणीतरी म्हणालं आणि ती नावं चिकटली ती चिकटलीच. टोकाला टोक जुळवत आपण एकमेकींकडे चालत यायचो. मधोमध भेटलो की माझ्या हातातली टोकं तू घ्यायचीस आणि मी वाकून खालची घडी उचलायचे. बोलायला बंदी होती, म्हणून जवळ आलो की दोघी डोळे तिरळे करायचो.

हे आज सुचायचं कारण म्हणजे सकाळी तू समोर तुझ्या प्राचार्यांच्या ऑफिसच्या खिडकीत उभी दिसलीस. मी हात वर केला. तू पडदा ओढलास. ऊन लागत असेल.

आता कामाचं. काल संध्याकाळी कॉलेजच्या वसतिगृहाच्या फाटकाला तुझ्या हुकमाने बाहेरून कुलूप लागलं. सुट्टी लागूनही घरी न गेलेल्या मुली आत आहेत हे तुला ठाऊक होतं, त्यांच्यासाठीच ते कुलूप. पण मीही आत आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचं मी समजू शकते. त्यांना वाटत असेल, रेक्टर म्हणजे पाच वाजता पर्स उचलून घरी जाणारी बाई. पण माझं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची ही कोपऱ्यातली खोलीच आहे, हे तू कशी विसरलीस? नवऱ्याचं घर सोडून मी एका सूटकेसनिशी तुझ्या दारात आले, तेव्हा तूच मला ही नोकरी दिलीस आणि ही खोलीही. मागच्या सभेत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मी तिला ठेवून घेतलंय." वाक्य खरं होतं. पण तेव्हापासून आपण फक्त नोटीसबोर्डावर भेटतो.

सकाळी फाटकावरचे काका गजांमधून दुधाच्या पिशव्या आत देत होते. मला बघून त्यांच्या हातातली पिशवीच निसटली.

"अहो बाई, तुम्ही पण?"

"मी पण."

"मग किल्ली?"

"प्राचार्यबाईंच्या टेबलावर."

"घ्या! म्हणजे कोंबड्यांबरोबर राखणदारही खुराड्यात," म्हणाले, आणि मग जीभ चावली.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्यात, तेवढ्या पाठव. बाकी माझ्याकडून तुला त्रास नाही. मी मुलींच्या बाजूची नाही आणि तुझ्याही नाही. मी फक्त कोंडले गेले आहे.

तुझी
उशी

मंगळवार, सकाळ

प्रिय शिडी,

गोळ्या मिळाल्या. पाकिटावर तू 'जेवणानंतर' असं लिहिलं आहेस. अक्षर अजून तसंच, उजवीकडे कललेलं. सिस्टर म्हणायच्या, हिच्या वहीत सदा वारा सुटलेला असतो. आणखी दोन शब्द लिहिले असतेस तरी चाललं असतं.

काल दुपारी आमची वीज गेली. तुझ्या ऑफिसातला पंखा फिरताना मला इथून दिसतो, तेव्हा गेली ती फक्त आमचीच. खोल्या भट्टीसारख्या तापल्यात. मुलींनी चटया आणून जिन्यात पसरल्या, कारण थोडीफार हवा येते ती तिथेच. खिडक्यांचे गज दरवर्षी सुट्टीत मीच रंगवून घेते. काल टेकायला म्हणून हात लावला तर चटका बसला. मुलींचे फोन एकेक करून बंद पडत चाललेत. त्यांचे वडील फाटकाशी येऊन ओरडतात आणि मुली वरून ओरडून उत्तरं देतात. सगळ्या घरांची भांडणं आता सगळ्यांना पाठ झाली आहेत.

काकांकरवी तुझा निरोप आला, मुलींना नेमकं काय हवंय ते रेक्टरांनी कळवावं. तुला माहीत नाही, की ते माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय? बरं, सांगते.

आपल्या माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'सेवातासा'चा फोटो आहे. हातात नवाकोरा झाडू आणि चेहऱ्यावर त्याहून नवंकोरं हसू. यंदा त्या तासाला ज्या मुलींना वसतिगृहामागच्या वस्तीत हात धुवायला शिकवण्यासाठी साबणाच्या वड्या देऊन पाठवलं, त्यांच्यात वकीलबाई होती. ही मुलगी शिकते रसायनशास्त्र, पण जन्मजात वकील. तिथे तिला आपली मावशी भेटली. मी इथे यायच्या आधीपासून हे तीन मजले झाडते ती मावशी. तिने साबणाचा वास घेतला आणि म्हणाली, "मला हात धुवायला शिकवतेस? पोरी, तुझं बाथरूम कोण धुतं?"

सगळ्या हसल्या. वकीलबाईही हसली. मग तिने विचारलं, "मावशी, आमच्याकडे कामावर असता तेव्हा तुम्ही कुठे जाता?"

"कुठे जाणार? जातच नाही. पाणी प्यायचं नाही, म्हणजे प्रश्न मिटला."

मी तुला एकदा म्हटलं होतं ना, ही बाई मोठी मानी आहे, मी दिलेलं पाणी कधी घेत नाही. पेला तसाच भरलेला टेबलावर ठेवून जायची. मागे उन्हाळ्यात ती जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हाही आपण म्हटलं, वय झालं.

पुढचं तुला ठाऊक आहे. मुलींनी तळमजल्यावरचं, कोठीशेजारचं बंद बाथरूम घासून काढलं. नळ दुरुस्त केला. दाराला आतून कडी नव्हती, ती बसवून घेतली. मला विचारायला आल्या, तेव्हा मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझं नेहमीचंच. झाडणाऱ्या सगळ्या बायका तिथे जाऊ लागल्या. आणि मग एक दिवस अध्यक्षसाहेब पाहुण्यांना घेऊन इमारत दाखवायला आले, तेव्हा नेमकी मावशी दार उघडून बाहेर आली.

"हे कुणी उघडून दिलं? उद्या या बायका सोफ्यावर बसतील," ते म्हणाले. तू शेजारी होतीस. मीही होते. आपण दोघी चादर धरल्यासारख्या गप्प उभ्या होतो.

संध्याकाळी सफाईच्या ठेकेदाराने मावशीला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. आणि बाथरूमची कडी काढून नेली. कुलूप नाही लावलं, बघ. कुलूप मुलींनी तोडलं असतं. पण आतून कडीच नसेल तर कुठली बाई आत पाऊल टाकेल? हे ज्या कुणाला सुचलं, त्याच्या डोक्याला मानलं पाहिजे.

तेव्हा मुलींना हवंय ते एवढंच. मावशीला कामावर परत घ्या आणि कडी परत बसवा. तोवर त्या घरी जाणार नाहीत. जिने, संडास, सगळं आता त्याच धुतात. पहिल्या दिवशी एकीला ओकारी झाली. तिला बाकीच्यांनी इतकं हसून घेतलं की आता तीच सगळ्यांत नेटाने घासते आणि इतरांवर ओरडते, "फोटो काढायला आलीस का गं? घास!"

हे मी तुझ्या विचारण्यावरून लिहिलं. बाजू घेतली असं समजू नकोस.

उशी

बुधवार, संध्याकाळ

प्रिय शिडी,

तुझ्या पत्रात 'महोदया' आहे. मी आपली जुन्याच नावाने लिहिते.

टाइप केलेलं पत्र वाचलं. मला समजलं ते असं. उद्या दुपारी बाराच्या आत मी एकटीने फाटकातून बाहेर यायचं. मग वसतिगृह रिकामं झालं असं जाहीर होईल. आत उरलेल्या मुली मग वसतिगृहातल्या राहणार नाहीत, घुसखोर होतील. घुसखोरांना माणसं घालून बाहेर काढता येतं, आणि कॉलेजातूनही काढता येतं. मी आत आहे तोवर तसं म्हणता येत नाही, कारण रेक्टर आत तर वसतिगृह चालू, असा नियमच आहे. हा नियम माझा नव्हे हं. माझ्याआधी तू रेक्टर होतीस, तेव्हा तूच तो केलास. सहलीच्या बसमधून सिस्टर सगळ्यांत शेवटी उतरायच्या, त्यावरून.

बाहेर आले तर निवृत्तीनंतरही खोली माझ्याकडे राहील. नाही आले तर नोकरी नाही आणि खोलीही नाही. सगळ्यात खाली पेनाने तू लिहिलंस, "ऐक माझं." तेवढ्या दोन शब्दांवर बोट फिरवत मी बराच वेळ बसले होते. अध्यक्षसाहेब तुझ्या खुर्चीमागे उभे असताना लिहिलंस का ते? दुपारभर त्यांची गाडी तुझ्या दाराशी होती. तुझ्या खिडकीलाही गज आहेत, शिडी. इथून दिसतात.

खोली गेली तर मी जाणार कुठे, हे तुला माहीत आहे. भावाकडे. वहिनी फोनवर म्हणते, "या ना, आपलंच घर आहे," आणि त्याच श्वासात विचारते, "किती दिवसांसाठी?"

लपवणं बरं नव्हे म्हणून तुझं पत्र मी जिन्यात मुलींना वाचून दाखवलं. वकीलबाई म्हणाली, "मग जा ना, रेक्टरबाई. तुम्ही कुठे आमच्या बाजूच्या आहात?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही."

"बाजू नसणं म्हणजे साहेबांचीच बाजू."

"झालं हिचं कोर्ट सुरू," मागून कुणीतरी म्हणालं आणि त्या उकाड्यातही हशा पिकला. मीही हसले. पण ते टोचलं, ते टोचलंच.

आता जे सोमवारपासून तुला लिहिलं नाही, ते लिहिते. मी कोंडलेली नाही. कधीच नव्हते. धोबीघराला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार आहे. चादरी बाहेर धुवायला जाऊ लागल्यापासून ते वापरात नाही. आता ते जुन्या लाकडी कपाटामागे आहे, म्हणून तुझ्याही ध्यानातून गेलं असेल. त्याची किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत असते. तुला पहिलं पत्र लिहिताना ती माझ्या गळ्यात होती. मुलींनाही मी सांगितलं नाही. कोंडलेल्या माणसाला काही ठरवावं लागत नाही गं. त्यात फार सुख असतं.

आज दुपारी मात्र ती काढावी लागली. आमच्यात एक पहिल्या वर्षाची मुलगी आहे, चिमुकली, वेणीत अजून शाळेची रिबीन. तिचे वडील फाटकाशी येऊन म्हणाले, आत्ता बाहेर नाही आलीस तर घरी येऊ नकोस. पण फाटकातून जायचं म्हणजे तुमच्या माफीपत्रावर सही करायची, आणि त्यात बाकीच्यांची नावं द्यायची. ती धोबीघरात जाऊन उशीत तोंड खुपसून रडत होती. मी मदतीला घेतली तिलाच. दोघींनी कपाट ढकललं आणि मी दार उघडलं.

"जा. गल्लीतून सरळ गेलीस की स्टेशनचा रस्ता."

"त्या मला भित्री म्हणतील."

"म्हणू देत. मला उशी म्हणायचे. मेले का मी?"

रडता रडता फिस्सकन हसली आणि गेली. मी पुन्हा कुलूप लावलं. बाकीच्यांना सांगितलं की डोकं दुखतंय म्हणून माझ्या खोलीत झोपली आहे. संध्याकाळच्या हजेरीला तिचं नाव आलं, तेव्हा मीच 'हजर' म्हणाले.

तर असा सगळा खोटेपणा. मी काही लढणारी बाई नव्हे, तू ओळखतेस मला. पर्स भरून ठेवली आहे. उद्या बाराच्या आधी मी फाटकाशी येईन असं धरून चाल.

तुझी
उशी

गुरुवार, सकाळ

शिडी,

कालच्या पत्रातली शेवटची ओळ खोडून टाक.

उजाडता उजाडता मी धोबीघरात गेले होते, कपाट पुन्हा जागेवर ढकलावं म्हणून. तेवढ्यात दारावर थाप पडली. मला वाटलं, साहेबांच्या माणसांना दार सापडलं. किल्ली मुठीत धरून गप्प उभी राहिले. मग बाहेरून आवाज आला, "रेक्टरबाई, मी आहे. रिबीनवाली."

दार उघडलं. ती एकटी नव्हती. मागे मावशी होती.

मुलगी स्टेशनला गेलीच नव्हती. वाटेत वस्ती लागली, तेव्हा मावशीची माफी मागावी आणि मग जावं, असं तिच्या मनात आलं. मावशीने तिला जेवायला घातलं, तिथेच झोपवलं, आणि सगळी हकिगत काढून घेतली.

जिन्यातल्या मुली डोळे चोळत उठल्या. मावशीला बघून टाळ्या वाजवायला लागल्या. मावशी कमरेवर हात ठेवून उभी.

"पुरे. माझ्यासाठी कोंडून घेतलंत म्हणे?"

"हो मावशी!" वकीलबाई पुढे आली. "तुम्हाला परत घेईपर्यंत आम्ही हलणार नाही."

"आणि मला कुणी विचारलं?"

वकीलबाई अडखळली. मी तिला ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच.

"नाही, म्हणजे... आम्ही तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी ना? मग मलाच बाहेर ठेवून? लग्न माझं आणि आमंत्रण मलाच नाही! निरोप धाडला असता तर पहिल्या दिवशीच आले असते. काल ही पोर आली तेव्हा कळलं मला, इथे पोरी माझ्या नावाने घामाघूम होताहेत."

शिडी, खरंच कुणालाही सुचलं नव्हतं. घोषणा झाल्या, कागद रंगले, मावशीचं नाव पांढऱ्या चादरीवर लिहून गच्चीवरून रस्त्याच्या बाजूला सोडलं. ती मागच्या कुंपणापलीकडे राहते. तिला विचारायला कुणी गेलं नाही. मुली नाही, मी नाही, तूही नाही.

वकीलबाई खाली बघत म्हणाली, "चुकलं. आता विचारते. मावशी, तुम्हाला काय हवंय?"

"काम तर हवंच. फुकट नाही सोडणार मी. पण ते नंतर. आधी मला जायचंय. गल्लीत कधीची उभी आहे. ते तुमचं बाथरूम लागतं का आतून?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "आम्ही बाहेर उभ्या राहतो," कुणीतरी म्हणालं. मावशीने नुसती मान हलवली. तिच्या जागी मी असते तर मीही गेले नसते.

मी वर माझ्या खोलीत गेले. माझ्या दाराला पितळी कडी आहे ना, तू मला खोली दिलीस तेव्हा मुद्दाम बसवून घेतली होतीस? म्हणाली होतीस, "आता आतून कडी लाव आणि शांत झोप, इथे तुला कुणी उठवणार नाही." पहिले कित्येक महिने मी ती लावून, पुन्हा उठून, लागली आहे ना ते बघायचे. तुझे उपकार मी एरवी ओझ्यासारखे वाहिले, पण त्या कडीचं ओझं कधी वाटलं नाही. ती मी काढली. स्क्रू-ड्रायव्हर नव्हता, म्हणून बटर नाइफने. टेबल मॅनर्सच्या तासाला सिस्टरांनी शिकवलेली ती सुरी आयुष्यात एकदाची कामाला आली.

वकीलबाईने दार घट्ट धरलं, रिबीनवालीने स्क्रू तोंडात धरून एकेक दिला, आणि मी ती खालच्या बाथरूमला बसवली. थोडी तिरकी बसली आहे. मावशी आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही सगळ्या जिन्यात उभ्या, कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही.

मावशी ओले हात झटकत बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, आता द्या पाणी."

मी पेला भरून दिला. तिने तो संपवला आणि पुन्हा पुढे केला.

मग मी धोबीघराचं दार सताड उघडं ठेवलं आणि मुलींना सांगितलं, ज्यांना जायचंय त्यांनी जा, सही नको, माफी नको, कुणी भित्री म्हणायचं नाही. काहीजणी गेल्या. त्यांच्या घरी खरंच अडचणी आहेत. उरल्या त्या आता कोंडलेल्या नाहीत, बसलेल्या आहेत. मावशी त्यांच्यात बसली आहे, आणि झाडणाऱ्या बाकीच्या बायका गल्लीतून येताहेत. वकीलबाई प्रत्येकीला विचारते आहे, "तुम्हाला काय हवंय?" आणि मधे न बोलता ऐकते आहे. तिला फार कष्ट पडताहेत.

बारा वाजता मी फाटकाशी येणार नाही. मी आत आहे, म्हणजे वसतिगृह चालू आहे. नियम तुझा आहे, मी तो पाळते आहे. पुढे काय होणार ते मला दिसतं. म्हणून माझं सामान बाहेर काढायला माणसं येतील तेव्हा घोळ नको, एवढ्यासाठी हे लिहून ठेवते.

लोकरीचं ब्लँकेट फाटकावरच्या काकांना द्यायचं. खुराड्याबद्दल ते अजून माझी नजर चुकवतात, त्यांना सांग मला ते आवडलं होतं. टेबलावरचा दिवा वकीलबाईला, आणि तिला कॉलेजातून काढलंत तरी द्यायचा, म्हणजे रसायनशास्त्राचं पुस्तक कधीतरी उघडेल. बटर नाइफ रिबीनवालीला. सूटकेस माझी मला. तिच्यासोबत आले, तिच्यासोबत जाईन.

किल्ल्यांचा जुडगा या पत्राबरोबर काकांच्या हाती तुझ्याकडे पाठवते आहे. त्यात धोबीघराची किल्ली शोधू नकोस. ती मी मावशीला दिली.

कपाटात वरच्या फळीवर शाळेतली एक चादर आहे, कोपऱ्यात लाल दोऱ्याने तुझा नंबर घातलेली. मला ताप आला होता तेव्हा तू तुझी माझ्या अंगावर घातलीस आणि परत मागितलीच नाहीस. ती तुझी तुला. घडी वाकडी असेल, एकटीने घातली आहे. नीट घालावीशी वाटली तर गल्लीतून ये, दार उघडं आहे.

आणि कडी. माझी आहे म्हणून ती माझ्या सामानाबरोबर काढायला कुणी येईल, तर त्याला सांग की ती मी कुणालाही दिलेली नाही. ती आहे तिथेच राहील.

उशी